मागाहून जोडलेली टिप्पणी

पैजेत माणसाने आपलेच काही पणास लावावे, असा शिरस्ता आहे. भौतिकशास्त्रज्ञांनी तोही मोडला. निराळ्या नियमांची असंख्य विश्वे असावीत काय, या वादात मार्टिन रीस यांनी आपल्या कुत्र्याचा जीव लावण्याइतपत खात्री दर्शविली. आंद्रे लिंडे यांनी जवळजवळ स्वतःचा. त्यावर २००५ साली केंब्रिज येथील भाषणात स्टीव्हन वाइनबर्ग म्हणाले की, लिंडे यांचा जीव आणि रीस यांचा कुत्रा, दोन्ही लावण्याइतकी खात्री आपणांस आहे!

सृष्टीचे स्थिरांक किंचित ढळते तर जीवसृष्टी संभवलीच नसती, हे या वादाचे मूळ. कोणी त्यावरून नियंत्याकडे बोट दाखवितो. कोणी म्हणतो, विश्वे अगणित असतील तर एखादे असे निघणारच, आणि आपण राहणार तेही तेथेच. याचा ठरलेला दाखला म्हणजे फ्रेड हॉइल यांचा कर्ब. (हेच हॉइल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरु.)

ताऱ्याच्या पोटात हेलियमची दोन केंद्रके जुळून बेरिलियम होते. ते तत्क्षणी फुटते. तेवढ्यात तिसरे येऊन आदळले तरच कर्ब. हा योग इतका विरळा, की कर्ब नाममात्रच निपजावा. १९५३ साली हॉइल यांनी उलट बाजूने गणित मांडले: कर्ब तर विपुल आहे, तेव्हा त्याच्या केंद्रकात सुमारे ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातील विल्यम फाउलर यांना हे प्रथम पटेना. पण तेथेच वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, आणि पातळी सापडली.

आपण जिवंत आहोत, म्हणून ती पातळी असणारच, असा तर्क हॉइल यांनी केला, असे पुढे सांगण्यात येऊ लागले. इतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१० साली दाखविले की, तेव्हा प्रश्न होता केवळ कर्बाच्या प्रमाणाचा. जीवसृष्टीचा संबंध १९८० नंतर जोडला गेला. ‘मानवकेंद्री तत्त्व’ हे नावच ब्रँडन कार्टर यांनी १९७३ साली क्राकोव येथे, कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या परिषदेत प्रथम मांडले. आमचे आयुष्य फायलींत गेले. निर्णयानंतर टिप्पणी जोडण्याची विद्या आम्हांस अपरिचित नाही. येथे मात्र लबाडी कोणाचीच नव्हती. खुद्द हॉइलही १९८१ साली, कोणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात ढवळाढवळ केली असावी, असे लिहिते झाले.

टिप्पणी आधी आणि निर्णय मागून, असाही एक दाखला आहे. १९८७ साली वाइनबर्ग यांनी, दीर्घिका घडावयाच्या तर वैश्विक स्थिरांक किती मोठा असू शकेल, याची मर्यादा काढली. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांवरून जो स्थिरांक निघाला, तो त्या मर्यादेत बसला. एवढे होऊनही वाइनबर्ग यांनी पैजेत स्वतःचे काहीच लावले नाही.