सांडलेल्या द्रवाचा खटला

पाणी जमिनीत मुरते हे आपण वर्गात सांगतो. त्याच्याबरोबर आणखी काय मुरते, यावर इंग्लंडमधल्या बॅरिस्टरांना काही वर्षे भांडावे लागले.

केंब्रिजजवळच्या सॉस्टन गावी कातडी कमावण्याच्या कारखान्यात चरबी काढायला पर्क्लोरोइथीन वापरत. १९७६ पर्यंत पिंपे रिकामी करताना ते थोडेथोडे फरशीवर सांडे. उडून जाईल, असेच कोणालाही वाटले असते. पण पाण्याहून जड असा हा द्रव खालच्या चुनखडकात उतरला आणि भूजलाबरोबर सुमारे दोन किलोमीटरवरच्या, पाणी कंपनीच्या विंधनविहिरीत पोचला. १९८३ मध्ये तो तिथे सापडला, तेव्हा विहीर बंद करावी लागली.

कंपनीच्या बॅरिस्टरांचा एक आधार १८६८ चा 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' हा निकाल होता: धोकादायक वस्तू आपल्या जागेतून निसटली, तर निष्काळजीपणा नसतानाही भरपाई द्यावी. द्रवाची वाट भूवैज्ञानिकांनी शोधून दिली होती. खरा वाद निराळाच होता. सांडणाऱ्याला हे तेव्हा कळण्यासारखे होते का? १९९२ मध्ये अपील न्यायालयाने दहा लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली. डिसेंबर १९९३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली, कारण असे नुकसान त्या काळी अपेक्षित नव्हते. आम्हा संशोधकांना हे बोचते. आमचे ज्ञान उशिरा आले, एवढ्यावर खटला फिरला. नव्या विहिरीचा खर्च पाणी कंपनीनेच सोसला.