औंधच्या सूर्यनमस्कारांचें मूळ

माणदेशांतील आटपाडी महाल पूर्वीं औंध संस्थानाकडे होता. हल्लीं तो सांगली जिल्ह्यांत आहे. त्या भागांत वृद्ध माणसांशीं शाळेच्या गोष्टी निघाल्या कीं नमस्कारांचा विषय हटकून निघतो. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं ते आपल्या संस्थानच्या शाळांतून चालू केले. हा व्यायाम वेदकालापासून जसाच्या तसा चालत आला, असें आतां सर्रास लिहिलें जातें. त्यास लेखी आधार कितपत आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम पंतांचीच हकीकत घेऊं. १८९७ च्या सुमारास त्यांनीं सँडो या युरोपीय मल्लाचीं पुस्तकें व साधनें मागविलीं आणि सुमारें दहा वर्षें तो व्यायाम केला. पुढें मिरजेचे अधिपति बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. १९२८ त त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला; १९३८ त लुईस मॉर्गन या बाईंनीं त्यांची पद्धति इंग्रज वाचकांपुढें मांडली. तींत दहा स्थिति आहेत. श्वास नाकानेंच घ्यावयाचा, आणि बीजाक्षरांसह सूर्यनामांचा उच्चार करावयाचा. या उच्चारानें अंतरिंद्रियांस चालना मिळून रोग हटतात, असें पंतांचें प्रतिपादन.

बीजें व नांवें हीं जुनीं खरीं. तृचाकल्प नमस्कारांत ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा योजतात. त्यांत हृद्रोग व हरिमा, म्हणजे कावीळ, दूर करण्याची सूर्यास प्रार्थना आहे. अंगाच्या हालचालीचा उल्लेखही नाहीं. शिवाय यजमानाच्या आजारांत भिक्षुकाकडून नमस्कार घालविण्याची चाल आपल्याकडे होती. नमस्कार हा व्यायाम असता तर घाम भिक्षुकाचा आणि गुण यजमानास, असा प्रकार संभवेल काय?

हठग्रंथांची साक्ष तर उलटच पडते. हठप्रदीपिकेवरील एकोणिसाव्या शतकांतील ज्योत्स्ना टीकेंत ब्रह्मानंद कायक्लेशाचें उदाहरण म्हणून पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें व जड ओझीं वाहणें यांस एकत्र बसवितो, आणि साधकास तें वर्ज्य सांगतो. म्हणजे नमस्कारांनीं शरीर शिणतें हें त्यास ठाऊक होतें. मात्र त्यांस तो योगांत धरीत नाहीं. माझ्या मतें या एका ओळीचें मोल पुष्कळ स्तुतिलेखांहून अधिक आहे.

व्यायामाचें कुळ शोधावयाचें तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांतील हठाभ्यासपद्धति ही अपूर्ण पोथी पाहावी. कर्ता कपालकुरंटक. उताणीं, पालथीं, उभीं, दोरीवरचीं अशीं शंभरांहून अधिक आसनें तींत असून कित्येक स्थिर नसून पुनःपुन्हा करावयाचीं आहेत. त्यांतील गजासन तर तालमींतील जोराशीं पुष्कळ जुळतें. बर्च व सिंगलटन यांनीं २०१९ त या ग्रंथावर विस्तृत लेख लिहिला. पोथी मात्र त्यापूर्वीं कित्येक वर्षें येथेंच रुमालांत होती.

या बाबतींत चिनी लोक भाग्यवान. १९७३ त चांग्शा शहराजवळ मावांगदुई येथील थडग्यांत एक रेशमी पट सांपडला. त्यावर श्वास व अंगविक्षेपांचे व्यायाम करणाऱ्या चव्वेचाळीस स्त्रीपुरुषांचीं चित्रें असून कांहींखालीं रोगांचीं नांवें आहेत. थडगें इसवी सनापूर्वीं १६८ त बंद झालेलें. तेव्हां काळाबद्दल वाद उरत नाहीं. आपल्याकडे समर्थांपर्यंत नमस्कार नेणारी परंपरा आहे, पण परंपरा म्हणजे कागद नव्हे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, माण-खटावकडील घराण्यांचे रुमाल सोडतांना अनुष्ठानाच्या याद्या निरुपयोगी समजून बाजूस टाकूं नयेत. कोणाच्या दुखण्याकरितां, कोणीं, किती नमस्कार घातले व काय दक्षिणा पावली, हें अशाच चिटोऱ्यांवर असावयाचें. स्वतःच्या प्रकृतीसाठीं स्वतःच नमस्कार घातल्याची, मितीवार, १८९७ पूर्वींची एक नोंद जरी मिळाली, तरी वरील मांडणी मला बदलावी लागेल.