चिनी कविता, व्हिएन्नाचे संगीत आणि आपले शाकुंतल

चिनी कवितेचा पाश्चात्त्य संगीतावर काय परिणाम झाला, या प्रश्नाशी आम्हां कोपरीकरांचा संबंध काय, अशी शंका कोणी घेतली तर ती अगदीच अवाजवी नव्हे. परंतु ज्या घरांत नाट्यपदे गुणगुणली जातात, तेथे हा प्रश्न परका ठरू नये.

१९०७ हे साल संगीतकार गुस्टाव्ह मालरला फार वाईट गेले. थोरली मुलगी दगावली, व्हिएन्नाच्या संगीतिकागृहातील पद सुटले, हृदयाचा विकार निघाला. पुढे हान्स बेटगेचा ‘चिनी बासरी’ हा जर्मन काव्यसंग्रह त्याच्या हाती आला. त्यात ली बाय, वांग वेइ हे आठव्या शतकातले कवी होते. बेटगेला मात्र चिनी भाषा मुळीच येत नव्हती! चिनीचे फ्रेंच, फ्रेंचचे जर्मन आणि त्या जर्मनवरून याची रचना. एका कवितेत ताओ घराण्याचा मंडप होता. ‘ताओ’ म्हणजे मातीची भांडीही. म्हणून ज्यूदित गोतिए या फ्रेंच लेखिकेने तो चिनीमातीचाच करून टाकला. मालरने १९०८ मध्ये रचलेल्या ‘पृथ्वीगीता’त तो तसाच उभा आहे, आणि त्याच्याभोवती बव्हंशी आपल्या भूपाचेच पाच स्वर खेळतात. अखेरचे निरोपाचे गीत सुमारे अर्ध्या तासाचे असून त्याच्या शेवटच्या ओळी मालरच्या स्वतःच्या आहेत. नोव्हेंबर १९११ मध्ये म्युनिकला ही कृती प्रथम सादर झाली, तेव्हा तो हयात नव्हता. मंडप खोटा असेल. शोक खोटा नाही.

कालिदासाचा प्रवासही असाच. जोन्सचे इंग्रजी शाकुंतल १७८९ चे, त्यावरून फोर्स्टरचे जर्मन १७९१ चे. शूबर्टने १८२० मध्ये या कथेवर संगीतिका आरंभिली व अर्धवट सोडली. गोल्डमार्कने १८६५ मध्ये केवळ वाद्यवृंदासाठी नांदीवजा रचना केली. तीत शकुंतला आहे, पण तिच्या तोंडी एक शब्द नाही.

शब्द दिले ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी. मूळ संस्कृत त्यांच्यापुढे होते, पण कालिदासाच्या काळचे गायन कोठून आणावे? त्यांनी साकी-दिंडी घेतली, कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी चाली घेतल्या. चिनीमातीच्या मंडपाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात पहिले चार अंक झाले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. कालिदासाच्या कानांवर कधीही न पडलेल्या चालींत कण्वांनी मुलीला निरोप दिला.