उंदरांच्या वाणांचे अतिशीत जतन
उत्परिवर्तित म्हणजे जनुकांत बदल झालेल्या उंदरांच्या वाणांचे भ्रूण वा शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६° से. तापमानाला गोठवून टिकविण्याची पद्धत. अमेरिकेच्या मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळा १९४७ च्या वणव्यात जळाली, तेव्हा बहुतेक उंदीर नष्ट झाले आणि पूर्वी इतर संशोधकांना दिलेल्या उंदरांपासूनच वाण पुन्हा उभे करावे लागले. केवळ जिवंत पैदाशीवर विसंबण्यातला धोका त्यातून उघड झाला. १९७२ मध्ये व्हिटिंगहॅम, लीबो व मेझर या संशोधकांनी, पेशीत घातक हिमस्फटिक होऊ नयेत म्हणून संरक्षक द्रव्य वापरून व तापमान अगदी मंद गतीने उतरवून भ्रूण गोठविले; ते वितळवून मादीत रोपल्यावर जिवंत पिले जन्मली. गोठलेल्या वाणाच्या पिढ्या पुढे सरकत नसल्याने नवी उत्परिवर्तने साचत नाहीत, हा जागेच्या व खर्चाच्या बचतीहून मोठा लाभ होय.