शाकारणीची माणसं

3 जून 2020 च्या दुपारी, बाराच्या सुमारास, श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावाहून दादाचा फोन आला. "पडवीचे पत्रे गेले. सगळे माजघरात बसलोय. ठेवतो." एवढंच बोलणं झालं. नंतर नऊ दिवस फोन लागला नाही.

मी रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या घरात. बाहेर जूनचं ऊन, रस्त्यावर कुणी नाही, आणि टीव्हीवर अलिबागचा समुद्र. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. नव्या यादीतलं ते पहिलंच नाव, आणि ते आमच्या वाट्याला आलं. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून आत शिरलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. चार दिवसांनी मृग लागायचा होता.

12 जूनला दादाचा आवाज ऐकू आला. माणसं सुखरूप होती. पोफळीची वाडी झोपली होती. श्रीवर्धनी रोठ्याचं झाड पुन्हा फळायला किती वर्षं लागतात हे त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. घराबद्दल मात्र तो सविस्तर बोलला. आजोबांच्या वेळच्या मूळ घराची साठ-सत्तर कौलं उडाली होती. आढं, वासे जागेवर होते. मागच्या बाजूला 2004 साली बांधलेल्या दोन खोल्यांचे पत्रे मात्र अँगलसकट उचलले गेले आणि तिसऱ्याच्या वाडीत जाऊन पडले. त्या खोल्यांची मोठी सरकती काच आधी फुटली, छप्पर नंतर गेलं. हा क्रम त्याने दोनदा सांगितला. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

"आता ताडपत्री घातलीय. दिवाळीनंतर छप्पर घालायचं," तो म्हणाला. "कौलं की पत्रा, ते तू सांग. आयुष्यभर इतिहास शिकवलास, छपराचा पण वाच जरा."

चेष्टा होती, पण प्रश्न खरा होता. बाबा 1960 मध्ये भिलाईला नोकरीला आले आणि आम्ही इकडचे झालो. त्या घरात माझा हिस्सा आहे तो कागदावर. श्रीवर्धन सोडून गेलेलं सगळ्यात प्रसिद्ध घराणं म्हणजे बाळाजी विश्वनाथ भटांचं. ते सिद्दीच्या जाचामुळे देशावर गेले, आम्ही पोटासाठी. दोन्हीकडे मागे राहिलं ते घर. तेव्हा वाचणं भागच होतं.

कोकणातल्या छपराची गोष्ट केंबळापासून सुरू होते. गवताचं किंवा भाताच्या पेंढ्याचं छप्पर दरवर्षी उतरवावं लागे, कारण पावसाळ्यानंतर ते कुजलेलंच असे. मग आली कुंभाराच्या चाकावरची नळ्याची कौलं, अर्धगोल, एकमेकांवर नुसती पालथी-उताणी ठेवलेली. छत्तीसगडच्या खेड्यांत अजूनही दिसणारा खपरा याच कुळातला. या कौलांना धरून ठेवणारं काहीच नसतं. मांजर चाललं तरी ती सरकतात, मग वानरांचं काय सांगावं! म्हणून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस घर शाकारावं लागे.

ही शाकारणी मी लहानपणी, सुट्टीत गावी गेले की, पाहिली आहे. दोन माणसं वर, एक शिडीवर, खाली आम्हा पोरांची रांग. कौलं ओळीने उतरायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बाजूला टाकायची. पण खरं काम त्यानंतरचं. उघड्या पडलेल्या रिपांवर सुतार काका हातोडीचा दांडा आपटत जात. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला की थांबत, नखाने खरवडत, "वाळवी," म्हणत. तो वासा त्याच दिवशी बदलला जाई. कोन्याचा चुना नवा होई. संध्याकाळपर्यंत कौलं परत चढलेली असत. झड आत येऊ नये म्हणून पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधली जात आणि घर पावसाला मोकळं होई.

इथे मंगळूरचा शिरकाव होतो. एकमेकांत अडकणारं सपाट कौल फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या आल्टकिर्श गावच्या जिलार्दोनी बंधूंनी काढलं. त्याचं पेटंट 1841 चं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पूला कारखाना घातला आणि नेत्रावतीच्या मातीतून तसलीच कौलं यंत्रावर दाबून काढायला सुरुवात केली. गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर बंदरोबंदरी उतरली. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले, पण तोवर 'मंगलोरी' हा शब्द कोकणात कौलाचं दुसरं नाव होऊन बसला होता. आजोबांनी नळे काढून मंगलोरी घातली तेव्हा घरात गोडधोड झालं होतं म्हणे.

या कौलाचा मोठा गुण म्हणजे ते सहज सरकत नाही. खाचेत खाच बसते. दरवर्षी शाकारण्याची गरज उरली नाही. तीन-चार वर्षांनी चार फुटकी बदलली की भागलं. नेमक्या त्याच पिढ्यांत घरातली तरणी माणसं मुंबईला गिरण्यांत, गोदीत जात होती. वर चढायला माणूस नाही आणि चढण्याची गरजही नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना इतक्या सोयीच्या पडल्या की काहीतरी थांबलं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. कौलं फिरवणं थांबलं, त्याबरोबर रिपेवर हातोडी आपटणंही थांबलं.

पत्र्याने उरलेलं कारणही काढून टाकलं. नालीदार पत्र्याचं पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज इंजिनिअराचं, 1829 चं, लंडनच्या गोदीसाठी काढलेलं. आमच्याकडे तो घरावर चढला तो फार उशिरा, आणि त्याची मुख्य जाहिरात वानरांनी केली. मंगलोरी कौल सरकत नसलं तरी वानराच्या उडीने फुटतं. "पत्रा घाल, वीस वर्षं बघायला नको," हे वाक्य मी गावात किती तोंडांतून ऐकलं असेल. खारा वारा पत्र्याआधी हुकाला खातो. पत्रा वरून चांगला दिसतो आणि त्याला धरणारा जे-हुक वायसरखाली गंजून सुतासारखा होतो. बघायला नकोच म्हटल्यावर ते बघणार कोण?

आता वाऱ्याचा हिशेब. हा मला एका निवृत्त इंजिनिअर शेजाऱ्याने भिलाईच्या जुन्या वहीवर मांडून दाखवला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 120 किलोमीटरला तो दर चौरस मीटरला सुमारे 68 किलो भरतो. वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो, आणि कडांपाशी ही ओढ त्याहूनही जास्त असते. मंगलोरी कौलांचं वजन दर चौरस मीटरला साधारण 40 किलो. पत्र्याचं जेमतेम 5. म्हणजे वजनाच्या जोरावर दोन्ही टिकत नाहीत. फरक एवढाच की कौलांच्या फटींतून आतला दाब बाहेर निघतो, उडाली तर सुटी सुटी उडतात. पत्र्याचं शीड होतं. एक हुक सुटला की शेजारच्यावर भार, मग त्याच्या शेजारच्यावर.

खिडकीचा अर्थ तेव्हा उलगडला. वाऱ्याच्या बाजूची काच फुटली की वारा आत कोंडतो आणि छपराला खालून रेटतो. वरून ओढ आहेच. दादाने सांगितलेला क्रम हाच होता. मूळ घराच्या खिडक्या हातभर लांबीरुंदीच्या, फणसाच्या फळ्यांच्या, आतून अडसर घालायच्या. त्या अंधाऱ्या माजघराला आम्ही सुना-मुली जन्मभर नावं ठेवत आलो. उजेड हवा म्हणून नव्या खोल्यांना सहा फुटी काच मीच सुचवली होती, 2004 साली, रायपूरहून, मोठ्या हौसेने.

शेजाऱ्याने मला दोन सरकारी मानकं वाचायला दिली. एक, आयएस 875 चा तिसरा भाग, वाऱ्याचा. त्याच्या शेवटी शहरांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे बांधकामासाठी धरायचा मूळ वेग. मुंबईपुढे सेकंदाला 44 मीटर. पणजी 39, मंगळूर 39. रायपूर 39. भिलाई 39. समुद्र कधीही न पाहिलेली माझी दोन गावं आणि कौलांचं ते बंदर, एकाच आकड्यावर! 2015 च्या आवृत्तीत चक्रीवादळांसाठी एक वाढीव गुणक आला. किनाऱ्यापासून 60 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या, वादळानंतर उपयोगी पडणाऱ्या इमारतींसाठी आणि कारखान्यांसाठी. पण तो पट्टा पूर्व किनाऱ्याचा आणि गुजरातचा. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. साध्या घरांसाठी तर तो गुणक कुठेच 1 च्या वर जात नाही. 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' अलिबाग-मुंबईच्या मधून आत गेलं होतं, तरीही कोकण म्हणजे वादळाचा प्रदेश नव्हे, ही समजूत कागदावर कायम राहिली. आमचीही तीच होती, त्यामुळे कागदाला बोल लावण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरं मानक आयएस 15498, 2004 चं, बुटक्या घरांना वादळात तगवण्याविषयी. ते वाचताना मला सारखं सुतार काकांचं बोलणं ऐकतेय असं वाटत होतं. छप्पर चारही बाजूंनी उतरतं असावं. फार सपाट नको. वळचण लांब काढू नका. कडेला आणि आढ्याशी बांधणी दाट ठेवा. वाशापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून पायापर्यंत साखळी कुठे तुटू देऊ नका. आमचं मूळ घर चौपाखी आहे आणि पडवीचं पाखं मूळ छपरापासून सुटं, खालच्या पातळीवर आहे. 'निसर्ग'मध्ये पडवी गेली आणि घर राहिलं, ते यामुळे. आजोबांनी हे विचार करून केलं की सगळेच तसं बांधत म्हणून, ते विचारायला आता कुणी नाही.

मी दादाला उत्तर लिहून पाठवलं, तीन पानी. त्याने फोन केला. "म्हणजे कौल की पत्रा?"

"दोन्ही चालेल. बांधणार कसं ते महत्त्वाचं. आणि दरवर्षी कुणीतरी वर चढायला हवं."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी सदुसष्टचा आहे. तू येतेस चढायला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे मुंबईची किती पोरं गावात परतली होती. पंधरा दिवस शाळेत विलग राहून घरी आलेली. हात होते. पण कौल कुठून काढायला सुरुवात करायची, पाय रिपेवर कुठे ठेवायचा, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. शाकारणी पुस्तकात नव्हती, ती खांद्याला खांदा लावून शिकायची गोष्ट होती, आणि तो खांदा मधल्या दोन पिढ्यांत नव्हता. माझ्या बाबांचा नव्हता.

शासनाने मदत वाढवली होती. पूर्ण पडलेल्या घराला 95,100 ऐवजी दीड लाख. आमचं घर पूर्ण पडलेलं नव्हतं, त्यामुळे खर्च आम्ही वाटून घेतला. जानेवारी 2021 मध्ये मी गेले, महिनाभर राहिले. मूळ घरावर मंगलोरीच ठेवली. जुनी कौलं उतरवताना मेस्त्रींनी एक उलटं करून दाखवलं: पोटाकडे एक बारीक कान आणि त्याला भोक. तार ओवून कौल रिपेला बांधायची सोय कारखान्यानेच करून ठेवलेली, आणि आमच्या छपरावर एकाही भोकात कधी तार गेलेली नव्हती. आता वळचणीच्या, कोन्याच्या आणि कडेच्या ओळी तांब्याच्या तारेने बांधल्या. वाळवीने खाल्लेले अकरा वासे निघाले. मागच्या खोल्यांवर जाड पत्रा, कडेला दुप्पट हुक, अँगल भिंतीतल्या सळीला पट्टीने जखडलेले. मोठी काच काढली. दोन लहान खिडक्या आल्या, बाहेरून सागवानी झडपांच्या. खोली काळोखी झाली. वहिनी तेवढ्यावर थोडी नाराज आहे, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे.

मेच्या मध्यावर 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं. त्या रात्री दादा फोनवर होता, मधूनमधून. पडवीची सतरा कौलं सरकली.

आता दर मेच्या शेवटी मला एक यादी येते. ती दादाची सून पाठवते. ती पनवेलची, घर बांधताना मेस्त्रींच्या मागे मागे असायची. आता तीच शिडीवर चढते, कमरेला पान्हा, आणि खाली दादा शिडी धरून ओरडत असतो, "डावा पाय रिपेवर, कौलावर नको!" या वर्षीच्या यादीत होतं: नट सैल, दोन. हुक गंजलेला, एक. फुटकी कौलं, नऊ, वानर. दक्षिणेकडचा तिसरा वासा, आवाज पोकळ.