महाजालावरील खासगीपणा व सुरक्षितता : कुलूप आणि खूणचिठ्ठीचा इतिहास

प्रस्तावना

टपालाने पाठविलेल्या पत्राला पाकीट असते. पोस्टकार्डाला ते नसते. वाटेत ते कोणीही वाचू शकतो. म्हणूनच घरातील नाजूक गोष्टी पोस्टकार्डावर लिहू नयेत, हा संकेत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. महाजालाचा, म्हणजेच वर्ल्ड वाइड वेबचा, जन्म पोस्टकार्डाच्या रूपात झाला. फरक इतकाच की, आपण उघड्या कार्डावर लिहीत आहोत याची जाणीव वापरकर्त्यास नव्हती.

आज बँकेचे व्यवहार, परीक्षेचे अर्ज, आजाराविषयीची विचारणा हे सारे ब्राउझरमधून होते. अशा वेळी 'पत्त्याच्या पट्टीतील कुलपाचे चिन्ह पाहावे' हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. हे कुलूप कोणापासून रक्षण करते आणि कोणापासून करीत नाही, याचे उत्तर त्याच्या इतिहासात सापडते. तो इतिहास मांडणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) महाजालावरील सुरक्षिततेच्या साधनांचा उगम व विकास अभ्यासणे.
२) सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन संकल्पनांतील भेद ऐतिहासिक घटनांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) या संदर्भात भारतातील धोरण व कायदा यांची वाटचाल तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

स्मृती नसलेले महाजाल

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत महाजालाची पहिली योजना सादर केली. संशोधकांना परस्परांचे दस्तऐवज सहज पाहता यावेत, एवढाच तिचा उद्देश होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. मूळ रचनेत दोन गोष्टी नव्हत्या. पहिली म्हणजे पाकीट : मजकूर जसाच्या तसा तारेवरून जात असे. दुसरी म्हणजे स्मृती : एखादे पान मागणारा वाचक क्षणापूर्वी येऊन गेला होता की नाही, हे संकेतस्थळाला कळत नसे. पहिली उणीव धोक्याची होती. दुसरी मात्र वाचकाच्या दृष्टीने एक प्रकारचे संरक्षणच होते. ग्रंथालयात कोणते पुस्तक चाळले याची नोंद कोणी ठेवू नये, तसे.

व्यापार सुरू होताच दोन्ही उणिवा अडचणीच्या ठरल्या. ग्राहकाचा क्रेडिट कार्ड क्रमांक उघडा जाऊ देणे शक्य नव्हते, आणि त्याने निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर गेल्यावर विसरणेही परवडणारे नव्हते.

एकाच कंपनीतील दोन शोध

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अमेरिकेतील नेटस्केप या एकाच कंपनीत काही महिन्यांच्या अंतराने तयार झाली. १९९४ मध्ये तेथील अभियंते लू मॉन्टुली यांनी 'कुकी' हे तंत्र योजले. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली एक छोटी खूणचिठ्ठी. वाचक पुन्हा आला की ब्राउझर ती चिठ्ठी आपण होऊन परत दाखवितो आणि संकेतस्थळाला ओळख पटते.

दुसरे उत्तर 'एसएसएल' या प्रणालीचे होते. ताहेर एल्गमाल यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या प्रणालीत ब्राउझर व संकेतस्थळ परस्परांत एक गुप्त किल्ली ठरवून मजकुराचे कूटलेखन करतात. तिची पहिली आवृत्ती दोषांमुळे प्रसिद्ध झालीच नाही. दुसरी फेब्रुवारी १९९५ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्कली येथील इयान गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले की, नेटस्केप गुप्त किल्ली घडविताना घड्याळातील वेळेसारख्या सहज तर्क करता येणाऱ्या गोष्टी वापरीत असे. कुलूप भक्कम होते. परंतु किल्लीचा अंदाज बांधता येत होता.

या दोन शोधांतील भेद महत्त्वाचा आहे. कुलूप वाटेवरच्या चोरट्यापासून रक्षण करते; खूणचिठ्ठी दुकानदाराला ग्राहकाची ओळख देते. पहिल्याचा संबंध सुरक्षिततेशी आहे, तर दुसऱ्याचा खासगीपणाशी. कुलूप कितीही मजबूत झाले तरी दुकानदाराची वही त्यामुळे बंद होत नाही.

चाळीस बिट्सचे कुलूप : अमेरिका आणि भारत

शीतयुद्धाच्या काळापासून अमेरिकी शासन प्रबळ कूटलेखनास युद्धसामग्रीप्रमाणे लेखत असे आणि त्याच्या निर्यातीवर बंधने घालीत असे. परिणामी नेटस्केपच्या अमेरिकेतील आवृत्तीत १२८ बिट्सची किल्ली असे. परदेशी आवृत्तीत मात्र केवळ ४० बिट्सच गुप्त असत. चाळीस बिट्स म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी संभाव्य किल्ल्या. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधक दामिएं दोलिजे यांनी आपल्या संस्थेतील संगणकांचा रिकामा वेळ वापरून असा एक संदेश आठ दिवसांत उलगडला. अमेरिकेने ही निर्यातबंधने जानेवारी २००० मध्ये मोठ्या प्रमाणावर शिथिल केली.

नेमक्या याच काळात भारतात इंटरनेट रुजत होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली आणि १९९८ च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांनाही ती देण्याची मुभा मिळाली. मात्र या सेवेच्या परवान्यात एक अट होती : ४० बिट्सपर्यंतचे कूटलेखन विनापरवानगी वापरता येईल, त्याहून प्रबळ वापरायचे असल्यास दूरसंचार खात्याची परवानगी घ्यावी आणि उलगडण्याची किल्ली दोन भागांत विभागून शासनाकडे जमा करावी. २००७ च्या परवान्याच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ही अट कायम होती.

दुसरीकडे मुंबईतील भारतीय रिझर्व्ह बँकेने १४ जून २००१ रोजी इंटरनेट बँकिंगविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व ब्राउझर आणि बँक यांच्यातील दळणवळणासाठी किमान १२८ बिट्सच्या एसएसएलची शिफारस केली. म्हणजे एकाच देशात एक यंत्रणा ठेवीदाराच्या रक्षणासाठी भक्कम कुलूप मागत होती, तर दुसरी कुलूप शासनाला उघडता येईल इतपतच असावे, असे सांगत होती. व्यवहारात बँकांचे कुलूपच प्रचलित झाले. तथापि मूळ ताण संपला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात नागरिकांनी कूटबद्ध संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी अपेक्षा होती. तीव्र टीकेनंतर तो मसुदा काही दिवसांतच मागे घेण्यात आला.

कुलपाचा प्रसार

२०१० पर्यंत अनेक संकेतस्थळे केवळ संकेतशब्द भरतानाच कूटलेखन वापरीत. नंतरची पाने उघडी असत. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी 'फायरशीप' नावाचे छोटे साधन प्रसिद्ध केले. त्याच्या साहाय्याने सार्वजनिक वाय-फायवर शेजारी बसलेल्या व्यक्तीची खूणचिठ्ठी टिपून तिच्या नावाने वावरणे कोणासही शक्य झाले. हेतू चोरीचा नव्हता, दोष दाखविण्याचा होता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे शासकीय पाळतीची व्याप्ती जगासमोर आली आणि संपूर्ण कूटलेखनाची मागणी वाढली. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या उपक्रमाद्वारे संकेतस्थळांना लागणारी प्रमाणपत्रे सर्वांसाठी विनामूल्य मिळू लागली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळास 'असुरक्षित' असे दर्शवू लागला.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेवरील विश्वास हा या व्यवस्थेचा पाया आहे, आणि तोही वेळोवेळी हादरला. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार झाले व ते इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध वापरले गेले. जुलै २०१४ मध्ये भारतातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतूनही गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे आढळले आणि ती व्यवस्था रद्द करावी लागली.

खूणचिठ्ठीवरील नियंत्रणाची दिरंगाई

कुलपाची प्रगती होत असताना खूणचिठ्ठीचे काय झाले? एखाद्या पानावरील जाहिरात तिसऱ्याच कंपनीकडून येत असल्यास तीही आपली चिठ्ठी ठेवू शकते. हजारो संकेतस्थळांवर त्याच कंपनीच्या जाहिराती असल्यास वाचकाच्या भ्रमंतीचा सलग आलेख तिच्याकडे तयार होतो. फेब्रुवारी १९९७ च्या तांत्रिक मानकात अशा त्रयस्थ कुकीज ब्राउझरने मुळातच रोखाव्यात, असे सुचविले होते. प्रमुख ब्राउझरांनी ते मानले नाही. १९९९ मध्ये डबलक्लिक या जाहिरात कंपनीने ग्राहकांची नावे-पत्ते बाळगणारी अबॅकस ही कंपनी विकत घेतली. निनावी नोंदींना खरी नावे जोडण्याच्या तिच्या बेताला विरोध झाला आणि मार्च २००० मध्ये तो स्थगित करावा लागला. मार्च २००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या मालकीची झाली.

सफारीने त्रयस्थ कुकीज मार्च २०२० मध्ये पूर्णपणे रोखल्या; १९९७ च्या सूचनेला तोवर तेवीस वर्षे लोटली होती. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये त्या बंद करण्याचे जाहीर केले. परंतु वारंवार मुदतवाढ देऊन २०२४ मध्ये तो निर्णय फिरविला. शिवाय कुकी नसली तरी ओळख पटू शकते. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या प्रयोगात टंक, पडद्याचा आकार यांसारख्या तपशिलांवरून ८० टक्क्यांहून अधिक ब्राउझर एकमेवाद्वितीय असल्याचे आढळले.

भारतीय कायद्याची वाटचाल

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता दिली. कलम ६९ अन्वये माहिती उलगडून घेण्याचा अधिकारही शासनाला दिला. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मात्र अनिर्णित होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्यास एकमताने होकारार्थी उत्तर दिले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी असे म्हटले असले, तरी शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. परवान्यातील चाळीस बिट्सच्या अटीत दिसलेला नागरिक व शासन यांच्यातील ताण येथे वेगळ्या स्वरूपात पुन्हा दिसून येतो.

वापरकर्त्यासाठी बोध

या इतिहासातून काही व्यावहारिक बाबी निष्पन्न होतात. कुलूप असलेले संकेतस्थळ प्रामाणिक असेलच असे नाही. विनामूल्य प्रमाणपत्र फसविणाऱ्यालाही मिळते. चिन्हाचा हा चुकीचा अर्थ लावला जातो म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते काढून टाकले. त्यामुळे पत्ता अक्षरशः वाचणे, बँकेचे संकेतस्थळ आलेल्या दुव्यावरून न उघडता स्वतः पत्ता लिहून उघडणे अगत्याचे ठरते. ब्राउझर अद्ययावत ठेवणे, प्रत्येक ठिकाणी वेगळा संकेतशब्द व द्विस्तरीय पडताळणी वापरणे ही सुरक्षिततेची साधने होत. त्रयस्थ कुकीज रोखणे व अनावश्यक परवानग्या नाकारणे ही खासगीपणाची साधने होत. ब्राउझरमधील 'खासगी' खिडकी घरातील संगणकावरील नोंद पुसते. संकेतस्थळाची वही ती पुसत नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०२४ मधील तडजोडीत जमा केलेल्या नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

निष्कर्ष

१) महाजालाच्या मूळ रचनेत सुरक्षिततेची तरतूद नव्हती; बहुतेक सुधारणा दोष वा गैरवापर उघड झाल्यानंतरच झाल्या.
२) कूटलेखन बळकट झाले, कारण त्यात ग्राहक व व्यापारी दोघांचेही हित होते. खूणचिठ्ठीवरील नियंत्रण रेंगाळले, कारण तेथे दोघांचे हित परस्परविरोधी होते.
३) भारतात दुबळ्या कूटलेखनाची अट आणि बँकांची भक्कम कूटलेखनाची गरज यांतील विसंगती दीर्घकाळ टिकली, शासनाच्या अधिकारांची मर्यादा हा प्रश्न आजही खुला आहे.

पोस्टकार्डावर काय लिहू नये, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना कोणी शिकविले नव्हते. कार्ड उघडे असल्याचे डोळ्यांना दिसत होते. महाजालावर ते दिसत नाही. म्हणूनच कुलूप कोणते आणि वही कोणाची, हे ओळखण्याचे शिक्षण महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा भाग होणे आवश्यक आहे.