हिशेब न देणारा आणि त्याचे सोयरे

चेन्नईच्या नैऋत्येस सुमारे ९० किलोमीटरवर, कांचीपुरम जिल्ह्यात, उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील दोन शिलालेख आहेत. पहिला त्याच्या राज्यारोहणानंतरच्या बाराव्या वर्षीचा, म्हणजे इ.स. ९१९ चा, दुसरा चौदाव्या वर्षीचा, इ.स. ९२१ चा. मद्रासच्या पुराभिलेख कार्यालयातील व्ही. वेंकय्या यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांचे वाचन व भाषांतर प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून "प्राचीन भारतातील लोकशाहीचा पुरावा" म्हणून त्यांचा उल्लेख भाषणांतून वारंवार होतो. परंतु प्रशासनात काम करणाऱ्याने ते लेख वाचले, तर त्याचे लक्ष वेगळ्याच कलमांवर खिळते.

प्रथम निवडीची पद्धत पाहू. गावाचे तीस कुडुंबु, म्हणजे प्रभाग होते. प्रत्येक प्रभागातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहीत आणि त्या चिठ्ठ्या एका घड्यात टाकीत. संपूर्ण महासभेसमोर वयोवृद्ध पुजारी तो घडा उंच धरून सर्वांना दाखवी. आत काय आहे याची कल्पना नसलेला एक लहान मुलगा चिठ्ठी काढी. मध्यस्थाने ती पाचही बोटे उघडी ठेवून तळहातावर घ्यायची, मोठ्याने वाचायची आणि मग उपस्थित पुजाऱ्यांनीही ती पुन्हा वाचायची, असा नियम होता. बोटे उघडी का, हे वेगळे सांगायला नको. निवडलेल्या तीस जणांपैकी बारा वार्षिक समितीवर, बारा बागांच्या समितीवर आणि सहा तलावाच्या समितीवर जात. सोन्याची पारख व अन्य कामांसाठी वेगळ्या समित्या होत्या. मुदत ३६० दिवसांची. पावसाचे पाणी साठविणारा तलाव, ज्याला तमिळमध्ये एरि म्हणतात, तो या प्रदेशातील शेतीचा प्राण. त्याचा बांध आणि गाळ यांची जबाबदारी स्वतंत्र समितीकडे असणे स्वाभाविकच होते.

आता पात्रता. ठराविक करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरील घर, वेदविद्येचे ज्ञान आणि वयाची अट. मागील तीन वर्षांत समितीवर राहिलेला मनुष्य अपात्र. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब सादर केला नाही तो अपात्र. इतकेच नव्हे, तर त्याचे वडील, मुलगा, भाऊ, सासरा, मेव्हणा, जावई, मामा, काका, भाचे, मावसभाऊ, आतेभाऊ व मामेभाऊ हेही अपात्र. ही नातेसंबंधांची यादी ज्याने तयार केली त्याला गावाची पुरती माहिती होती. स्वतःला बंदी झाली की पत्नीला किंवा मेव्हण्याला उभे करण्याची युक्ती आपल्याकडील ग्रामपंचायतींना नवी नाही. ती दहाव्या शतकातही नवी नसावी.

हिशेबनिसासाठीचा नियम तर अधिक कडक आहे. त्याने आपले हिशेब स्वतः सादर करावेत. ते बंद करण्यासाठी दुसरा हिशेबनीस आणू नये. बदली झाली म्हणून अपुऱ्या नोंदवह्या उत्तराधिकाऱ्याच्या माथी मारण्याची सोय येथे नाही. हिशेब सादर करून प्रामाणिक ठरल्याशिवाय त्याला पुन्हा ते काम मिळत नसे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ९१९ च्या नियमात वयोमर्यादा तीस ते साठ होती. ९२१ मध्ये ती पस्तीस ते सत्तर झाली आणि इतर तपशीलही वाढले. म्हणजे नियम केला, दोन वर्षे चालवून पाहिला, उणिवा दिसल्या आणि सुधारला. दोन्ही वेळी राजाज्ञेनुसार राजाचा अधिकारी सभेत उपस्थित होता. पहिल्या लेखात त्याचे नाव तत्तनूर मूवेंदवेळान असे आहे. त्याच्या उपस्थितीत ठराव झाला, पण ठराव सभेचा होता आणि कारभारही सभेनेच करायचा होता.

या व्यवस्थेचे गौरवीकरण मात्र करू नये. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांना दान दिलेले गाव होते. शेत कसणारे, कारागीर, स्त्रिया यांना त्या घड्यात स्थान नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या उदात्तीकरणावर जी कठोर टीका केली, ती अशा गावांनाही लागू पडते. त्यामुळे उत्तरमेरूरकडून समता शिकता येत नाही. शिकता येते ती एकच गोष्ट: दोषी माणसाला दूर करायचे, संस्था चालू ठेवायची. समितीवरील कोणी अपराधी आढळला तर त्याला तत्काळ काढावे असे लेखात म्हटले आहे. अशा वेळी सभाच बरखास्त करावी असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आपण काय करतो? याचे उत्तर जवळच्या चेन्नईतच मिळते. १६८८ मध्ये स्थापन झालेली ही देशातील सर्वांत जुनी महानगरपालिका. १९७३ मध्ये तेथे मजुरांच्या हजेरीपटांचा घोटाळा उघडकीस आला. प्रश्न हिशेबाचाच होता. परिणामी निर्वाचित परिषद बरखास्त झाली आणि पुढील निवडणूक झाली १९९६ मध्ये. तेवीस वर्षे शहराला नगरसेवक नव्हते. दोष काहींचा, शिक्षा मतदारांना.

७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून हे थांबायला हवे होते. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी, आणि बरखास्ती झाल्यास सहा महिन्यांच्या आत, निवडणूक घेणे बंधनकारक झाले. तरीही तमिळनाडूत ऑक्टोबर २०१६ मध्ये मुदत संपल्यावर ग्रामीण संस्थांच्या निवडणुका बहुतेक जिल्ह्यांत डिसेंबर २०१९ मध्ये झाल्या. कांचीपुरमसह नऊ जिल्ह्यांत त्या ऑक्टोबर २०२१ पर्यंत लांबल्या. उत्तरमेरूर ही आता नगरपंचायत असल्याने तिला फेब्रुवारी २०२२ उजाडावे लागले. ज्या गावाच्या भिंतीवर दरवर्षी निवड करण्याचा नियम कोरलेला आहे, त्याच गावाने पाच वर्षांहून अधिक काळ निर्वाचित प्रतिनिधींशिवाय काढला. महाराष्ट्राने हसण्याचे कारण नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच होता.

अशा काळात प्रशासक म्हणून बसणारा अधिकारी बहुधा मेहनती असतो. त्याच्या निर्णयांना वेगही असतो. पण गटाराचे झाकण उघडे राहिले, तलावाचा बांध फुटला, तर लोकांनी हिशेब मागायचा कोणाकडे? फाईल वर जाते, खाली गावात येत नाही. उत्तरमेरूरच्या सभेने आपले नियम राजाच्या दप्तरात ठेवले नाहीत. जेथे गाव रोज दर्शनाला येई, त्या मंदिराच्या भिंतीवर ते कोरले. राजाचा अधिकारी सभेत आला, साक्षीला बसला आणि निघून गेला. प्रशासकीय सेवेतील प्रत्येकाने आपल्या भूमिकेची मर्यादा शिकावी, ती तेथून.